दुष्काळात किती माणसं गेली ते सरकारनं मोजलं, पण मागे राहिलेल्यांना काय वाटलं? ते सापडतं गाण्यांत!

१४ जून २०१२. पोलंडमधलं ग्दान्स्क शहर. फुटबॉलच्या युरो स्पर्धेत स्पेननं आयर्लंडला ४-० असं धुतलं होतं. सामना संपायला काही मिनिटं होती, आयर्लंड स्पर्धेबाहेर गेल्यात जमा होतं. आणि त्याच वेळी आयर्लंडचे हजारो चाहते उभे राहून एक गाणं गायला लागले. शेवटपर्यंत गात राहिले. तो व्हिडिओ आजही सोशल मीडियावर फिरत असतो.

गाण्याचं नाव ‘द फील्ड्स ऑफ अॅथनराय’. आणि हे गाणं फुटबॉलचं नाही, दुष्काळाचं आहे. उपाशी पोरांसाठी मका चोरणारा एक बाप, त्याला झालेली शिक्षा, त्याला परमुलखात घेऊन निघालेलं जहाज आणि तुरुंगाच्या भिंतीबाहेर उभी असलेली बायको, एवढीच त्याची गोष्ट.

आता विचार करा. दुष्काळ म्हटला की महाराष्ट्रात पहिलं नाव निघतं मराठवाड्याचं. स्थलांतर म्हटलं की बीडचे ऊसतोड कामगार आठवतात. मग मराठवाड्याच्या दुष्काळाची गाणी कुठं आहेत? ती कुणी गायली, आणि तुम्हा-आम्हाला ती माहीत का नाहीत?

आयर्लंडमध्ये नेमकं झालं काय होतं?

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं पोट जवळपास बटाट्यावरच चालायचं. पुढच्या सात वर्षांत साधारण १० लाख माणसं भुकेनं आणि साथीच्या आजारांनी मेली. तेवढीच, किंबहुना त्याहून जास्त, देश सोडून गेली. लोकांचा राग निव्वळ निसर्गावर नव्हता. कारण माणसं मरत असतानाही आयर्लंडमधून धान्य जहाजानं बाहेर जातच होतं.

हा राग गाण्यांत उतरला. कागदाच्या एका बाजूला छापलेली गाणी बाजारात विकली जायची, घराघरांत गायली जायची. अमेरिकेला निघालेल्या माणसासाठी आदल्या रात्री घरी जागरण व्हायचं. मयताच्या घरी जसं जमतात तसे लोक जमायचे, गाणी म्हणायचे. कारण गेलेला माणूस पुन्हा दिसणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

गंमत म्हणजे ‘अॅथनराय’ हे गाणं जुनं नाहीच. पीट सेंट जॉन या गीतकारानं ते १९७० च्या दशकात लिहिलं. म्हणजे दुष्काळानंतर सव्वाशे वर्षांनी. तरीही अनेकांना ते पारंपरिकच वाटतं. एखाद्या समाजानं आठवण जपायची ठरवली, तर इतक्या उशिरा लिहिलेलं गाणंही त्याचं होऊन जातं.

आपल्याकडचा दुष्काळ कुणी लिहून ठेवला?

सगळ्यात आधी संतांनी. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यात तुकाराम महाराजांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले, व्यापार बुडाला. त्यांच्या अभंगांत हा दुष्काळ आहे, तोही स्वतःच्या घरातला.

दुसरं नाव समर्थ रामदासांचं. रामदास मूळचे मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातल्या जांबचे. त्यांच्या ‘परचक्रनिरूपण’ आणि ‘अस्मानी सुलतानी’ या रचनांत उपासमार आहे, लूट आहे, देशोधडीला लागलेली माणसं आहेत. ‘अस्मानी’ म्हणजे आभाळातून आलेलं संकट आणि ‘सुलतानी’ म्हणजे सत्तेनं आणलेलं. शेतकऱ्याच्या तोंडी ही जोडी आजही असते. पाऊस पडला नाही हे एक, आणि पाऊस नसतानाही वसुली थांबली नाही हे दुसरं.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात ही सुलतानी अगदी स्पष्ट दिसली. त्या दुष्काळात देशभरात ५० लाखांहून अधिक माणसं गेली असा अंदाज सांगितला जातो. इंग्रज अधिकारी रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी कमी करून दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्य आणि वर एक आणा इतकी केली. दिवसभर खडी फोडायची आणि त्यावर जगायचं. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी १८७७ मध्ये ही कामं सोडून निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. आणि इकडे हे चालू असताना देशातून गहू बाहेर जातच होता, अगदी आयर्लंडसारखाच.

पण बायकांनी काय गायलं?

मराठवाड्याची खरी गोष्ट इथून सुरू होते. आपल्याकडे सामान्य माणसाचं दुःख ना छापील कागदावर आलं, ना रंगमंचावर. ते आलं जात्यावर.

पहाटे तीन-चारला उठायचं, जात्याशी बसायचं, खुंटा धरायचा आणि ओढत ओढत ओवी म्हणायची. बहुतेक वेळा समोरासमोर दोघी असायच्या. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची. घरातले पुरुष झोपलेले, सासू झोपलेली. दिवसभरात बाईला मनातलं बोलायची हीच काय ती जागा.

आयरिश गाणं आणि ओवी यांतला मोठा फरक इथंच आहे. आयरिश गाण्यात सुरुवात-मध्य-शेवट अशी पूर्ण कथा असते. ओवी म्हणजे एक-दोन ओळी. त्यात कथा नसते, असतो एक क्षण. पावसाची वाट बघणं, रिकामी कणगी, माहेरच्या वाटेकडे लागलेले डोळे. पूर्ण चित्र हवं असेल तर शेकडो ओव्या एकाशेजारी एक ठेवाव्या लागतात.

आणखी एक मुद्दा. पुरुषासाठी स्थलांतर म्हणजे दुष्काळात गाव सोडणं. बाईचं पहिलं स्थलांतर मात्र लग्नाच्या दिवशीच झालेलं असतं. म्हणूनच ओव्यांमध्ये माहेर, भाऊ, सणाला न्यायला येणारी बैलगाडी या गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. दुष्काळात बैल विकले गेले की गाडी येत नाही. दुष्काळ बाईपर्यंत असाही पोहोचतो. सरकारी अहवालात ‘जनावरांची विक्री’ एवढीच नोंद होते.

हे सगळं हरवलं का?

सगळं नाही. साने गुरुजींनी ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह केला. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या सोयगाव तालुक्यातले, पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर यांनी आपल्या गावची लोकगीतं ‘पळसखेडची गाणी’मध्ये आणली. ‘रानातल्या कविता’ लिहिणाऱ्या महानोरांची लय कुठून आली, हे त्यातून कळतं.

सगळ्यात मोठं काम केलं हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी. पुण्यात राहून काम करणाऱ्या या दोघांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून ओव्या लिहून घेतल्या, पुढे ध्वनिमुद्रित केल्या. हा आकडा एक लाखाच्या पुढे गेला. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही याच संग्रहात आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून हा खजिना टप्प्याटप्प्यानं येतोय. आवाजासकट. फुकट ऐकता येतो.

आणि पुरुषांची गाणी?

ती शाहिरांनी लिहिली. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लहानपणी कुटुंबासोबत पायी चालत मुंबईला आले, असं सांगितलं जातं. पोटासाठी गाव सोडणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड प्रसिद्ध आहे. गावी बायको सोडून मुंबईला आलेल्या कामगाराचं हे गाणं. पण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्याला दुसरा अर्थ आला. मुंबईत आलेला कामगार आणि गावाकडची मैना जशी दुरावली, तसा मराठी मुलूख दुरावलाय, असा तो अर्थ. विरहाचं गाणं राजकीय झालं. आयर्लंडच्या स्थलांतराच्या गाण्यांचंही नेमकं हेच झालं होतं.

समुद्र ओलांडलेले मराठी लोकही आहेत. १८३४ पासून मॉरिशसला ऊसमळ्यांवर मजूर नेले जाऊ लागले. त्यात कोकणातली मराठी माणसंही होती. कोकणातलं जाखडी नृत्य तिथं ‘झाकरी’ म्हणून टिकून राहिलं. तिथंही ऊस आणि इथंही ऊसच.

१९७२ : ज्यांना आठवतं ते अजून आहेत

मराठवाड्यात ‘बहात्तरचा दुष्काळ’ एवढंच म्हटलं तरी पुरतं. रेशनवर आलेली लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी, पाझर तलावाची माती वाहणाऱ्या बायका, ही त्या पिढीची आठवण. याच दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर लावला गेला. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला कापला जाणारा तो कर मुळात इथून आलाय. देशाचा रोजगार हमी कायदा यायला पुढं २००५ साल उजाडलं.

योजनेमुळं अनेकांचं गाव सुटलं नाही. पण नेमक्या याच काळाच्या आसपास गावोगावी पिठाची गिरणी पोहोचत होती. गिरणीनं बाईचे कष्ट वाचवले, हे चांगलंच झालं. मात्र जातं थांबलं आणि ओवी म्हणायची वेळच गेली. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाची ओवी रचू शकणारी बहुधा ही शेवटची पिढी. तेव्हा विशीत असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे.

आजची गाणी कुठं आहेत?

स्थलांतर तर थांबलेलं नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडं निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. म्हणजे माणसाची मोजणीच हत्याराच्या नावानं होते. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडाजवळ कोपी उभी राहते आणि पाडव्याच्या आसपास परतीची वाट धरली जाते.

फडात काम पहाटे चारच्या सुमारास सुरू होतं. आजी ज्या वेळी जात्यावर ओवी म्हणायची, त्याच वेळी नात उसाच्या मोळ्या बांधत असते. ओवीला लागणारी ती एकांताची पहाटच उरलेली नाही.

शिवाय आयरिश माणूस एकदाच जायचा, त्यामुळं त्याला निरोपाचं गाणं मिळालं. ऊसतोड कामगार दरवर्षी जातो आणि दरवर्षी येतो. इतक्या वेळा निरोप घेतला की त्याचं कुणाला अप्रूप राहत नाही. शहरात आलेल्यांचंही तेच. वाळूज, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कामाला लागलेली कितीतरी कुटुंबं नापिकीमुळंच छत्रपती संभाजीनगरात आली, पण त्यांना कुणी ‘दुष्काळात गाव सोडलेले’ म्हणत नाही.

तरी गाणी पूर्ण संपलेली नाहीत. उसाच्या ट्रॅक्टरवरचे स्पीकर, यूट्यूबवरची ऊसतोडीची गाणी, रील्स, हे सगळं आहे. त्यातलं बरंचसं डीजेच्या ठेक्यावर आहे. पण कोयता, मुकादम, गावाकडं आजीजवळ ठेवलेली लेकरं हे शब्द आज कुठल्या गाण्यात असतील तर ते इथंच.

मग करायचं काय?

फार मोठं काही नाही. घरात किंवा शेजारी सत्तरी पार केलेली आजी असेल तर तिला विचारा, जात्यावर काय म्हणायच्या? ‘आता कुठं आठवतंय’ असं ती आधी म्हणेल. मग एक ओवी येईल आणि तिच्यामागं दुसरी. तिला विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करा. तिचं माहेर कुठलं, ओवी कुणाकडून शिकली, बहात्तरला ती कुठं कामाला होती, एवढं सोबत लिहून ठेवा. लगेच रील टाकायची गरज नाही, आणि टाकायचीच असेल तर आधी तिची परवानगी घ्या.

आयर्लंडला आपल्या दुष्काळाचं गाणं सव्वाशे वर्षांनी लिहिता आलं, कारण तोवर जुनी गाणी कुणीतरी जपून ठेवली होती. मराठवाड्यात उद्या कुणाला असं गाणं लिहावंसं वाटलं, तर त्याच्या हाताशी काय असेल, ते याच काही वर्षांत ठरणार आहे.