घराभोवतीचे शंभर फूट

कॅलिफोर्नियातील वणवाप्रवण भागांत घरमालकाने घराभोवती १०० फुटांपर्यंत किंवा स्वतःच्या जमिनीच्या हद्दीपर्यंत ‘संरक्षक अवकाश’, म्हणजे सुके गवत, मेलेली झुडपे व पालापाचोळा काढलेला पट्टा, राखणे कायद्याने बंधनकारक आहे. मात्र याचा अर्थ जमीन बोडकी करणे असा नव्हे, कारण तशा उतारावरील मातीची पावसात वेगाने धूप होते. गवत ४ इंचांपेक्षा वाढू न देणे आणि झाडांच्या खालच्या फांद्या छाटणे यांमागील हेतू ‘शिडी-इंधन’ तोडण्याचा असतो, म्हणजे जमिनीवरच्या आगीला झुडपांवरून शेंड्यापर्यंत चढू देणारी वनस्पतींची सलग मांडणी मोडण्याचा. तथापि सर्वांत निर्णायक ठरतात ते भिंतीलगतचे ५ फूट, कारण बहुतेक घरे थेट ज्वाळांनी नव्हे, तर वणवा पोहोचण्यापूर्वीच वाऱ्याने उडून येणाऱ्या निखाऱ्यांमुळे पेटतात, आणि पन्हळीत साचलेला पाचोळा किंवा भिंतीला टेकवून रचलेले सरपण त्यांना पुरेसे होते. २०१८ च्या ‘कॅम्प’ वणव्यात पॅराडाइज गाव जवळजवळ नष्ट झाले, ८५ माणसे दगावली आणि १८,००० हून अधिक इमारती जळाल्या. त्यानंतर २०२० मध्ये राज्याने या ५ फुटांसाठी स्वतंत्र, अधिक कडक विभागाची तरतूद कायद्यात केली.