विद्यापीठांनीं छापलेले वऱ्हाडविषयक ग्रंथ व संग्राहकांचें कर्तव्य

हस्तलिखितांच्या संग्राहकांत एक समजूत रूढ आहे कीं, छापलेला ग्रंथ म्हणजे सुरक्षित झालेला ग्रंथ. पोथी एकुलती एक असते; तिला कसर लागते, पाणी लागतें, भाऊबंदांच्या वांटणींत तिचे दोन तुकडे होतात; म्हणून तिच्यासाठीं पायपीट करावी, आणि छापील पुस्तक केव्हांहि मिळेल असें मानून सोडून द्यावें, असा आपला परिपाठ आहे. मोठ्या प्रकाशकांच्या ग्रंथांपुरती ही समजूत बरीचशी खरी असेल. परंतु ज्यांचा विषय एखादा जिल्हा, एखादें क्षेत्र किंवा एखादा ताम्रपट एवढाच असतो, ज्यांचा प्रकाशक एखादें विद्यापीठ असतें, आणि ज्यांच्या प्रती थोड्या निघून पुनः छापल्या जात नाहींत, त्या ग्रंथांच्या बाबतींत ती सर्वस्वीं फसवी आहे. असा ग्रंथ कसा जन्मास येतो, वाचकांपर्यंत कां पोंचत नाहीं, आणि त्याच्या रक्षणाचा भार आपणांवर कां येऊन पडला आहे, हें वऱ्हाडांतील उदाहरणांनीं दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम अशा ग्रंथाचें मोल काय तें पाहूं. राजशेखराच्या काव्यमीमांसेंत असें वर्णन आहे कीं, सरस्वतीपुत्र काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत झाला. हा ग्रंथ १९१६ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून छापला गेला. (ही ग्रंथमाला पुढें महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराकडे आली.) तोंपर्यंत तो हस्तलिखितांतच होता. वत्सगुल्म म्हणजे आपलें वाशीम. परंतु हें नगर एका राजकुलाची राजधानी होतें, ही गोष्ट काव्यमीमांसा छापून झाल्यावरहि तेवीस वर्षें कोणास ठाऊक नव्हती. १९३९ सालीं वाशीम येथील ताम्रपट उजेडांत आला आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे व त्यांचे सहकारी द. बा. महाजन यांनीं तो विद्वानांपुढें मांडला. वाकाटक नृपति दुसरा विंध्यशक्ति यानें आपल्या सदतिसाव्या राज्यवर्षीं वत्सगुल्माहून दिलेलें तें दानपत्र होतें. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन हा या शाखेचा मूळपुरुष, हें त्यावरून निश्चित झालें. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील लेखाच्या पूर्वीच्या वाचनांत सर्वसेनाचें नांव सुटलें होतें. तें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं नव्यानें वाचून १९४१ सालीं प्रसिद्ध केलें.

येथवरचा सर्व व्यवहार संस्कृतज्ञ व इंग्रजी नियतकालिकें वाचणारे पंडित यांच्यांतला होता. वाशीमच्या शाळेंतील शिक्षकास अथवा अकोल्याच्या वकिलास त्याचा गंध नव्हता. १९५७ सालीं नागपूर विद्यापीठानें मिराशींचा ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां प्रथमच हा इतिहास सविस्तर मराठींत आला. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा सुप्रसिद्ध इंग्रजी खंड निघाला तो १९६३ सालीं, म्हणजे त्यानंतर सहा वर्षांनीं. स्थानिक वाचकाच्या भाषेंतील ग्रंथ आधीं व जगाच्या भाषेंतील मागाहून, असा क्रम आपल्याकडे क्वचितच दिसतो. तो येथें साधला याचें पुष्कळसें श्रेय, असा ग्रंथ छापण्यास सिद्ध झालेल्या विद्यापीठास दिलें पाहिजे. नफ्यावर दृष्टि ठेवणाऱ्या प्रकाशकानें एवढा विशेषज्ञांचा विषय हातीं घेतला असता असें आम्हांस वाटत नाहीं.

याच विद्यापीठानें उत्खननांचे वृत्तांतहि छापले. पवनारचा १९६८ सालीं, टाकळघाट-खापा येथील १९७० सालीं, पवनीचा १९७२ सालीं व माहुरझरीचा १९७३ सालीं निघाला. डॉ. शां. भा. देव व त्यांचे सहकारी यांनीं लिहिलेले हे वृत्तांत इंग्रजींत आहेत. तरी विदर्भाच्या महापाषाणयुगीन वसाहतींसंबंधीं कोणतेंहि विधान करावयाचें झाल्यास आजहि त्यांच्याकडेच जावें लागतें. उत्खननाची गोष्ट पोथीहून निराळी आहे. थर एकदां खणला कीं तो पुनः खणतां येत नाहीं. वृत्तांत हीच त्याची एकमेव प्रत. म्हणून ज्या दिवशीं असा वृत्तांत दुर्मिळ होतो, त्या दिवशीं तें स्थळच दुसऱ्यांदा गाडलें जातें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

सर्वच कार्य विद्यापीठांनीं केलें असें मात्र नव्हे. नागपूर विद्यापीठाचे पुढें कुलगुरु झालेले डॉ. वि. भि. कोलते यांचें ‘श्रीचक्रधर चरित्र’ १९५२ सालीं मलकापूरच्या अरुण प्रकाशनानें काढलें. तालुक्याच्या गांवीं छापवून घेतलेला हा ग्रंथ महानुभावांच्या अभ्यासकास अद्यापि टाळतां येत नाहीं. यावरून एक गोष्ट ध्यानांत येते: स्थानिक ग्रंथास लागतो तो जाणता लेखक व धीर धरणारा प्रकाशक. विद्यापीठापाशीं हा धीर असतो, कारण विक्रीवर त्याचा प्रपंच चालत नाहीं. परंतु त्याच कारणानें विक्रीची निकडहि त्यास नसते, आणि सर्व दोषांचें मूळ येथेंच आहे.

तें कसें, हें थोडें उलगडून सांगतों. विद्यापीठाकडे ग्रंथ आला कीं तो तज्ज्ञांकडे परीक्षणास जातो. त्यांचा अभिप्राय समितीपुढें येतो. मग द्रव्याची मंजुरी व मुद्रकांचीं दरपत्रकें. यांत वर्ष दोन वर्षें सहज निघून जातात. ग्रंथ निघाल्यावर त्याच्या कांहीं प्रती लेखकास, कांहीं समितीच्या सभासदांस, कांहीं इतर विद्यापीठांस विनिमयानें जातात. उरलेल्या कोठारांत राहतात. विक्री असते ती कचेरीच्या वेळांत, विद्यापीठाच्याच आवारांतील खिडकीवर. पुस्तकविक्रेत्यास मिळणारी सूट तुटपुंजी असल्यामुळें तो अशा पुस्तकास दुकानांत जागा देत नाहीं. परीक्षण छापून येईल अशीं मासिकें थोडीं, व त्यांस प्रत पाठविण्याची आठवण ठेवणारे त्याहून थोडे. एका विद्यापीठाच्या अशाच खिडकीवर आम्हांस सांगण्यांत आलें कीं, मागितलेला ग्रंथ संपला आहे. आणि आंतल्या खोलींत त्याच्याच बांधलेल्या गठ्ठ्यावर बसून शिपाई चहा पीत होता. ग्रंथ संपला नव्हता. तो विक्रीच्या यादींतून उतरला होता एवढेंच.

यादींतून उतरलेला ग्रंथ कालांतरानें कोठारांतूनहि उतरतो. वाळवी, गळकें छप्पर, जागेची अडचण व रद्दीचा लिलाव हे त्याचे चार वैरी. पुनर्मुद्रण व्हावें तर लेखक दिवंगत, मजकुराचे जुळे मोडलेले, आणि नव्या समितीस जुन्या ग्रंथाची माहिती नाहीं. ग्रंथस्वामित्वाचाहि प्रश्न आहे. आपल्या कायद्याप्रमाणें तें ग्रंथकर्त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून साठ वर्षें चालतें. मिराशी १९८५ सालीं वारले. त्यांच्या ग्रंथांचें स्वामित्व २०४५ अखेरपर्यंत राहील. तोंपर्यंत संगणकावर ग्रंथाच्या प्रतिमा चढवून त्या सर्वांस वांटण्यास अनुमति लागते. शिवाय प्रतिमा घेण्यासाठीं सुद्धां धड, पानें न गळालेली प्रत कोणापाशीं तरी असावी लागतेच.

आमच्या गांवचें उदाहरण याहून बोलकें आहे. अकोल्यास १९६९ सालीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें, डॉ. पंजाबराव देशमुख यांचें नांव तें धारण करितें. त्याची ‘कृषि संवादिनी’ ही वार्षिक पुस्तिका शेतकऱ्यांच्या घरोघर जाते. कोणत्या जमिनींत कोणत्या जातीचा कापूस किंवा ज्वारी पेरावी, पेरणी केव्हां करावी, खताची मात्रा किती, किडीवर उपाय कोणता, हें सर्व तींत असतें. नवी निघाली कीं जुनी जाते ती चुलीच्या किंवा रद्दीच्या वाटेनें. मोर्णेच्या पश्चिम तीरीं, असदगड व राजेश्वर यांच्या आसमंतांत वसलेल्या आमच्या जुन्या शहरांत ज्यांनीं जुनीं घरें धुंडाळिलीं आहेत, त्यांस ठाऊक आहे कीं, शंभर वर्षांपूर्वींचें पंचांग हातीं लागलें तर संग्राहक हरखून जातो. कारण त्याच्या समासांत पावसाची, धारणेची, जन्ममृत्यूंची टिपणें सांपडतात. संवादिनी ही आजच्या वऱ्हाडाचें पंचांगच होय. आणखी शंभर वर्षांनीं कापसाच्या देशी जाती मागें पडून संकरित जाती केव्हां व कशा पसरल्या हें कोणी शोधूं लागला, तर त्यास वर्षवार लावलेल्या संवादिनींहून चांगलें साधन मिळणार नाहीं. परंतु पंचांग जपणारे आपण संवादिनी जपतों काय?

यावर कोणी म्हणेल कीं, हें काम सरकारच्या ग्रंथसंग्रहांचें आहे. या ठिकाणीं कायद्यांतील एक फेरबदल संग्राहकांनीं नीट समजून घेतला पाहिजे. सन १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यान्वयें प्रत्येक मुद्रकास छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारांत द्याव्या लागत. त्यावरून सरकार नोंदपुस्तक ठेवी, व तीन तीन महिन्यांची नोंद राजपत्रांत प्रसिद्ध करी. ग्रंथाचें नांव, भाषा, कर्ता, विषय, मुद्रणाचें व प्रकाशनाचें स्थळ, मुद्रक व प्रकाशक, प्रसिद्धीचा दिवस, पृष्ठें, आकार, आवृत्ति, प्रतींची संख्या, छाप खिळ्यांचा कीं शिळेचा, किंमत आणि स्वामित्व, एवढ्या गोष्टी त्या नोंदींत येत. एकोणिसाव्या शतकांतील मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिणाऱ्यांचा मोठा आधार याच त्रैमासिक याद्या होत. हा कायदा १ मार्च २०२४ पासून रद्द झाला. त्याच्या जागीं आलेला २०२३ चा कायदा नियतकालिकांपुरताच आहे. पुस्तकें त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

राहिला १९५४ चा कायदा. त्याप्रमाणें प्रकाशकानें आपल्या पुस्तकाची एकेक प्रत चार सार्वजनिक ग्रंथालयांस स्वखर्चानें पाठवावयाची असते. हीं ग्रंथालयें कोलकाता, चेन्नई, मुंबई व दिल्ली येथें आहेत; विदर्भांत एकहि नाहीं. न पाठविणाऱ्यास मूळ कायद्यानें ठरविलेला दंड पन्नास रुपयांपर्यंतचा व वर ग्रंथाची किंमत एवढाच. अर्थात् वाशीमविषयींचा ग्रंथ सांपडला तर कोलकात्यास सांपडेल, वाशिमास सांपडेलच असें नाहीं. आणि पाठविणेंच राहून गेलें तर कोठेंच सांपडणार नाहीं.

या बाबतींत अनुकरणास योग्य असा धडा आपल्याच भूमींत आहे. परंपरा सांगते कीं, म्हाइंभटांनीं सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ पोथी स्वारीच्या धामधुमींत नाहींशी झाली, व पुढें शिष्यांनीं आपापल्या स्मरणांतून ती पुनः लिहिली. त्यामुळें पाठभेद झाले हें खरें. परंतु ग्रंथ वांचला. पुढें सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत त्याच्या प्रती मठोमठीं झाल्या. एक मठ जळाला तरी दुसऱ्या मठांतील प्रत राही. रक्षण झालें तें तिजोरीनें नव्हे, प्रती अनेक ठिकाणीं असल्यानें. ज्या रिद्धपुरास हें कार्य झालें, तेथें आतां मराठी भाषेचें विद्यापीठ उभें राहत आहे. त्यानें ग्रंथ छापावे हें उत्तमच. पण छापलेल्या प्रत्येक ग्रंथाच्या प्रती वऱ्हाडांतील प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयांत पोंचवाव्या, हें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें.

संग्राहकांनीं करावयाचें तें फार नाहीं. पोथीच्या शेवटीं पुष्पिका असते; तींत लेखनकाल, स्थळ, लेखनिक व ज्याच्यासाठीं लिहिली त्याचें नांव मिळतें. छापील ग्रंथाची पुष्पिका म्हणजे मुखपृष्ठामागील मजकूर. आपल्या संग्रहांतील प्रत्येक विद्यापीठीय ग्रंथाचा हा मजकूर, पृष्ठसंख्या व किंमत यांसह एका वहींत उतरून घ्यावा. १८६७ च्या कायद्यांतील बाबींचाच क्रम ठेवावा, म्हणजे जुन्या याद्यांशीं नवी यादी जुळेल. आय. एस. बी. एन. हा क्रमांक असल्यास तोहि द्यावा. परंतु त्यावरून प्रती किती निघाल्या हें कळत नाहीं, म्हणून ती संख्या मुद्रकाकडून विचारून लिहावी. नवा स्थानिक ग्रंथ निघतांच शक्य तर दोन प्रती घ्याव्या. एक वाचण्यास व एक गांवच्या वाचनालयास. विद्यापीठाच्या विक्रीयादींतून ग्रंथ उतरतो त्या सुमारास कोठारांत चौकशी करावी. लिलावानंतर केलेली चौकशी व्यर्थ होय.

वाशीमचा ताम्रपट आपल्या हातीं लागला, कारण तो तांब्याचा होता. त्याचा मराठींतील इतिहास कागदावर आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम या पांच जिल्ह्यांपैकीं कोणत्या वाचनालयांत १९५७ चा तो ग्रंथ आज धड आहे, एवढें जरी आमच्या वाचकांनीं आपापल्या गांवीं पाहून मंडळास कळविलें, तरी यादीचा आरंभ होईल. ही यादी या त्रैमासिकांतून क्रमशः प्रसिद्ध करण्याची विनंति आम्हीं मंडळास केली आहे.