नळाचा सांधा कोणत्या नियमाने?

मुंबईहून मनमाडला पेट्रोल, डिझेल जमिनीखालच्या पोलादी नळातून जाते. वर लोकांची शेते आहेत. नळाचे तुकडे वेल्डिंगने जोडतात. सांधा फुटला तर तेल विहिरीत उतरेल, पेटही घेईल.

अशा सांध्यांसाठी नियमांची पुस्तके आहेत. देशोदेशी चालणाऱ्या पुस्तकांतली दोन अमेरिकेतली. लांबच्या नळाला 'ए.पी.आय. ११०४', हे १९५३ साली प्रथम निघाले. कारखान्यातल्या दाबाच्या टाक्यांना 'ए.एस.एम.ई.'चा नववा भाग.

आता पंपघरातल्या नळाला कोणते? खरी अडचण इथेच! ते काम सुरू होण्याआधी ठरवून करारात लिहावे. कारण वेल्डरची परीक्षा दोन्हींत वेगळी. शिवाय एक्स-रेत सांध्यात बुडबुडा दिसला, तर केवढा चालेल? पहिले पुस्तक स्वतः सांगते. दुसरे सांगत नाही. ते नळ बांधण्याच्या वेगळ्या नियमांत पाहावे लागते.