मुरूम देण्यापूर्वी आराखड्याचे शेवटचे पान वाचा



मागील लागण हंगामात नोंदी घेत फिरताना चाकणच्या बाजूच्या एका सभासदांनी आम्हाला मुद्दाम रानात नेले. म्हणाले, "साहेब, हे एक एकर आडसाली लावायचं म्हणतोय. बेणं कुठलं घेऊ?" पाहतो तर रान शेजारच्या बांधापासून दोन पुरुष खाली गेलेले. तळाला कठीण मुरूम, एका कोपऱ्यात हिरवे पाणी. कुदळ मारली तर खणकन आवाज आला. तीन वर्षांपूर्वी त्यांनी हे रान मुरमासाठी दिले होते. "काढून झालं की सपाट करून देतो," एवढा तोंडी शब्द मिळाला होता. वरची काळी माती कुठे गेली, असे विचारले. तीही डंपरमध्येच गेली होती.

बेणे सुचवायला गेलेल्या आम्हांला "इथे ऊस नको" असे सांगून परतावे लागले. "प्रेसमड टाकला तर?" असे त्यांनी विचारले. प्रेसमड हे खत आहे, ती काही माती नव्हे. एका एकराचे क्षेत्र 43,560 चौरस फूट आणि ब्रास म्हणजे 100 घनफूट. दोन फुटांचा थर परत आणायचा तर 871 ब्रास माती लागेल. डंपर 4 ब्रासचा धरला तर दोनशेहून अधिक खेपा! मुरमाचे मिळालेले पैसे त्यातच जातील आणि शेकडो वर्षांत झालेली माती तशी मिळणार नाही ती नाहीच.

मागणी कोठून येते हे आपण जाणतोच. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे पिंपरी-चिंचवड वाढले, मग चाकणला मोटारींचे कारखाने आले. शेड, रस्ते, भराव यांना खडी-मुरूम लागणारच, आणि तो लांबून आणणे परवडत नाही. मोशीच्या दगडखाणी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. उद्योगाला आमचा विरोध नाही. आपलीच मुले तेथे कामाला आहेत. पण व्यवहार डोळे उघडे ठेवून व्हावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या भागात खाली काळा पाषाण आहे. पावसाचे पाणी त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात साठते. म्हणजे मुरमाचा थर ही आपल्या विहिरीची टाकीच. ती खोदून नेली तर शेजारच्या विहिरीचे पाणी खड्ड्याकडे पाझरू शकते. एकाने रान दिले की झळ चौघांना लागते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 नुसार खनिजावर हक्क शासनाचा आहे. विनापरवाना काढल्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. सातबारा आपल्या नावावर असल्याने नोटीस आपल्याही दारी येऊ शकते. गौण खनिजासाठी राज्याचे 2013 चे स्वतंत्र नियम आहेत. 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात ठरविले की पाच हेक्टरांखालील खनिपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी हवी. तुकडे पाडून मंजुरी चुकविण्याची वाट त्याने बंद केली. 8 जानेवारी 2020 रोजी त्याच न्यायालयाने सांगितले की खाणकाम संपल्यावर ती जागा चारा व झाडोरा उगवेल अशी करून गवत लावावे आणि ही अट खनिपट्टा, मंजुरी व आराखडा या तिन्हींत घालावी.

म्हणजे खड्डा काढणे हे अर्धेच काम आणि जमीन मार्गी लावणे हे उरलेले अर्धे. आराखड्यात पहिल्या अर्ध्याचे नकाशे झकास असतात, तर दुसरे अर्धे शेवटच्या पानावर चार ओळींत उरकलेले असते. तपासणीत खरे पाहायचे ते तेच. सही करण्यापूर्वी एवढे विचारावे:

1. वरची माती वेगळी काढून कोठे रचणार, आणि ती विकणार नाही असे लिहून दिले आहे काय?

2. खोली किती? विहिरीच्या पाण्याच्या पातळीखाली जाणार काय? बांधापासून किती अंतर सोडणार?

3. भराव कशाचा? कारखान्यांतील टाकाऊ माल किंवा राडारोडा नको, असे स्पष्ट लिहावे.

4. खड्डा भरायचा नसेल तर शेततळे, उतार, कुंपण यांचे काय? खर्च कोणाचा आणि मुदत किती?

5. सुरुवातीची व शेवटची मोजणी आपल्यासमक्ष होणार काय?

मंजुरीनंतरही मार्ग आहे. मंजुरीच्या अटी पाळल्याचा सहामाही अहवाल 1 जून व 1 डिसेंबरला द्यावा लागतो. तो सार्वजनिक कागद आहे, मागून घ्यावा. शिवाय 2016 च्या अधिसूचनेप्रमाणे जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा 21 दिवस लोकांसमोर ठेवावा लागतो. आपल्या विहिरी, पाणंद रस्ते, ओढे त्यात धरले आहेत काय ते पाहून तेव्हाच लेखी हरकत द्यावी. नंतर ओरड म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

त्या सभासदांनी आता खड्ड्याच्या एका बाजूला उतार काढून शेततळ्याचा विचार चालविला आहे. उरलेल्या तीन एकरांना त्यातून पाणी मिळेल. पण ते एक एकर उसाच्या नोंदवहीतून गेले ते गेलेच.

तरी सर्व सभासदांना विनंती की, खडी-मुरमासाठी कोणी संमतीपत्र पुढे केले तर सही आजच करू नये. आराखड्याची प्रत मागावी आणि ती घेऊन ऊस विकास विभागात यावे. आपण बरोबर बसून शेवटचे पान आधी वाचू.

— ऊस विकास अधिकारी