मारिओचा डबा आणि आबांची हलगी : पाच आवाजांत गाणं कसं बसवायचं

ज्यांना ऐकायचंय त्यांनी भाग लावा. ज्यांचा हेडफोन घरी राहिलाय किंवा एसटीत नेटवर्क गेलंय, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना झालेलं ‘म्हणजे, म्हणजे’ तेवढं काढलंय, बाकी जसंच्या तसं आहे.

आजच्या भागाची सुरुवात एका भांडणातून झाली. मी कळसचा, इंदापूर तालुका. लहानपणी मामानं बारामतीहून टीव्ही गेम आणला होता. कॅसेटवर लिहिलेलं ‘९९९९ गेम’, आत फिरून फिरून तेच पंधरा-वीस. चालली नाही की कॅसेट काढायची, फुंकायची, परत खोचायची. लाईट असेल तोवर मारिओ, नाहीतर कॉन्ट्रा. पुढं ॲडॅप्टर जळला आणि डबा माळ्यावर गेला.

गेल्या दिवाळीत चुलतभावानं यूट्यूबवर मारिओचं मूळ संगीत लावलं. मी म्हणालो, “दादा, हे कुणीतरी पळवलंय. एवढं फास्ट नव्हतं. आणि आवाजही असा नव्हता.”

दादा म्हणाला, “तू केवढा होतास? तुला काय आठवतंय!”

जेवणं उरकेपर्यंत वाद चालला. मग मी शोधाशोध केली. निकाल असा, की आम्ही दोघंही बरोबर होतो. का, ते समजून घेतलं की त्याच डब्याच्या आवाजात स्वतःचं गाणं कसं करायचं, तेही समजतं. आज दोन्ही बघू.

डब्यात गाणं नव्हतंच

आपला टीव्ही गेम ही एका जपानी यंत्राची नक्कल होती. निन्टेंडो कंपनीनं १९८३ च्या जुलैमध्ये जपानात फॅमिकॉम आणला, बाहेरच्या देशांत तोच एनईएस झाला. त्यातली रिको कंपनीची चिप दोन कामं करायची : गेम चालवणं आणि आवाज काढणं.

१९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ चित्रं, गेम आणि संगीत धरून ४० किलोबाइट आहे. व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो याहून मोठा असतो. मग त्यात गाणं कसं मावलं? गाणं नव्हतंच. कोजी कोंडो यांनी रचलेल्या चालीचा फक्त कागद होता : आता हा सूर, एवढा वेळ, एवढ्या जोरात. वाजवणारी ती चिप. बँडवाल्यांना स्वरलिपी हातात द्यावी आणि त्यांनी तिथल्या तिथं वाजवावं, तसं.

या बँडमध्ये वाजवणारे पाच, सहावा नाही.

पहिले दोघे ‘पल्स’. चाल हेच वाजवतात. यांचा आवाज म्हणजे बटण चालू-बंद, चालू-बंद, सेकंदाला शेकडो वेळा. प्रत्येक फेरीत बटण किती वेळ चालू, त्यावर आवाजाचा पोत ठरतो. निम्मा वेळ चालू ठेवलं तर गोल, पोकळ आवाज. पाव वेळ ठेवलं तर धारदार. आठवा हिस्सा ठेवलं तर बारीक, नाकातला, सनईच्या जवळ जाणारा. या प्रमाणाला म्हणतात ड्यूटी. आवाजाच्या पायऱ्या १६, शून्यापासून १५ पर्यंत.

तिसरा ‘ट्रँगल’. मऊ आवाज, खालच्या सुरांसाठी. त्याला आवाज कमी-जास्त करता येत नाही. वाजतो नाहीतर गप्प बसतो.

चौथा ‘नॉइज’. नुसती खरखर. लांब ठेवली तर पाऊस, तुकडे केले तर ड्रम. त्याची एक धातूसारखी बाजूही आहे, तिथून कैताळाचा भास होतो.

पाचवा ‘डीपीसीएम’. खरा रेकॉर्ड केलेला आवाज हा एकटाच वाजवू शकतो, पण एका तुकड्याला जास्तीत जास्त ४०८१ बाइट. चांगल्यात चांगल्या प्रतीचा ठेवला तर जेमतेम एक सेकंद.

मग दादा आणि मी, दोघंही बरोबर कसे?

पहिलं कारण वेगाचं. या गेममध्ये संगीताचं घड्याळ म्हणजे टीव्हीचं चित्र. चित्र एकदा बदललं की संगीत एक पाऊल पुढं. जपान-अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचा. आपल्याकडं दूरदर्शनमुळं पॅल पद्धत, तिथं ५० वेळा. पॅलसाठी बनवलेल्या नकली डब्यात तोच गेम घातला की दर सेकंदाला दहा पावलं कमी पडतात. मिनिटाला १५० ठोक्यांची चाल १२५ वर येते. सूर जवळजवळ तोच राहतो, चाल मात्र रेंगाळते. कॅसेट प्लेअरचे सेल उतरल्यावर आवाज जाडा व्हायचा, तसं इथं होत नाही. म्हणूनच शंका येत नाही, तेच मूळ वाटतं.

दुसरं कारण पोताचं. नक्कल करणाऱ्यांच्या अनेक चिप्समध्ये एक अदलाबदल झालेली होती. मूळ चिपवर जिथं पाव ड्यूटी, तिथं यांच्यात निम्मी. जिथं निम्मी, तिथं पाव. त्यामुळं जपानात धारदार वाजणारी चाल आपल्याकडं पोकळ वाजायची, आणि उलट.

म्हणजे यूट्यूबवर होतं ते जपानचं. माझ्या डोक्यात होतं ते कळसचं. दादा, कळलं का?

आता हे आपण कसं करायचं

जुना डबा शोधायची गरज नाही. फॅमिस्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर आहे. कॉम्प्युटरवर फुकट आहे आणि अँड्रॉइड फोनवरही चालतं. उघडलं की हेच पाच जण एकाखाली एक दिसतात, आणि सूर बोटानं मांडता येतात. याच्या आधीचं फॅमिट्रॅकर विंडोजवर चालतं. त्यात सूर आकड्या-अक्षरांत, वरून खाली लिहितात. सुरुवातीला फॅमिस्टुडिओ सोपं जाईल.

मी आठ मात्रांचा भजनी ठेका घेतला आणि वर भूपातले पाच स्वर : सा, रे, ग, प, ध. पेटीची पांढरी एक धरली तर सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. काम वाटायचं असं :

पहिल्या पल्सला चाल. दुसऱ्या पल्सला तीच चाल, पण किंचित उशिरा आणि आवाज निम्म्याहून कमी. देवळाच्या सभामंडपात गायल्यासारखा घुमारा येतो, आणि वेगळा इफेक्ट लावावा लागत नाही.

ट्रँगलला षड्ज-पंचम. शिवाय याच ट्रँगलवर एखादा सूर झटकन वरून खाली घसरवला की ‘ढुम’ असा ठोका मिळतो. घुमक्याचं काम तिथं भागतं.

नॉइजला टाळ. आवाज १५ वर सुरू करून पटापट शून्यावर आणायचा. आषाढात तुकोबांची पालखी आपल्या तालुक्यातून जाते, बेलवाडीला रिंगण होतं. तिथले टाळ आठवा आणि कान तिथं ठेवून लांबी ठरवा.

तीन सूर एकदम हवे असतील तर? पल्स दोनच आहेत. मग एकाच पल्सवर तिन्ही सूर इतक्या भराभर फिरवायचे की कानाला एकत्र वाटतात. जुन्या गेममधला तो थरथरता, गुदगुल्या करणारा आवाज म्हणजे हीच युक्ती.

आता राहिला पाचवा. माझ्या मनात हलगी होती. आमच्या आळीतले आबा यात्रेत हलगी वाजवायचे. आता हात दुखतो म्हणून बंद आहे. त्यांच्याकडं गेलो, फोन पुढं धरला, म्हणालो, “आबा, एकच थाप द्या.”

“एकच? एका थापेत काय ऐकणार हायस?”

दिली. ती मी डीपीसीएममध्ये घातली. तिथं आवाजाची नोंद फार कंजूष असते. प्रत्येक क्षणाला एवढंच लिहितात : एक पायरी वर की एक पायरी खाली. जागा वाचवायला मी वेगही कमी ठेवला होता. त्यांना ऐकवलं. आबा लगेच म्हणाले, “कातडं ओलं हाय. शेकलं न्हाईस व्हय?”

हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकतात. कातडं ताणलं जातं, आवाज कडक होतो. फोनमध्ये जाळ कुठून आणायचा? पण आबांचं निदान अचूक होतं. डीपीसीएमला वाजवण्याचे १६ वेग असतात. तोच तुकडा वरच्या वेगानं वाजवला की सूर चढतो आणि थाप आखूड होते. दोन पायऱ्या चढवल्या आणि परत ऐकवलं. “आता शेकली,” म्हणाले. नंतर तेवढ्या एका थापेचे मी बत्तीस ठोके मांडले. आबा मांडीवर बोटं वाजवत ऐकत राहिले. मध्येच म्हणाले, “हितं एक थाप सोड. दम घ्यायला जागा ठेव.” सोडली. गाणं तिथंच सुधारलं.

एक अडचण, सुरांची

ही चिप सूर काढते ते भागाकारानं. तिचं घड्याळ सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार टिकटिक करतं. त्याला १६ नं आणि मग एका पूर्ण संख्येनं भागायचं. अपूर्णांक चालत नाही. ४४० हर्ट्झ हवा असेल तर २५४ नं भागून ४४०.४ मिळतो, झकास. पण तीन सप्तकं वर, ३५२० हवा असेल तर ३२ नं भागून सुमारे ३४९६ येतो, ३१ नं भागून ३६०८. मध्ये काहीच नाही. म्हणून मींड घ्यायची तर मधल्या सप्तकात. तिथं पायऱ्या इतक्या जवळ आहेत की सूर घसरल्यासारखा वाटतो. वर गेलात तर जिना उतरल्यासारखा.

कुणी म्हणेल, असल्या खेळण्यावर राग कशाला? मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग रेकॉर्ड केले, त्यात भूपाळीही आहे. त्यातलं टीबी-३०३ हे बासगिटारची जागा घ्यायला बनवलेलं यंत्र. बाजारात चाललं नाही, १९८४ मध्ये बंद झालं. पण त्याला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरता यायचं आणि सिंग यांना तेच हवं होतं. त्या रेकॉर्डची तेव्हा फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर लोक चकित झाले. यंत्र कशासाठी बनलंय हे बनवणारा ठरवतो. त्यातून काय काढायचं ते वाजवणारा.

जाता जाता

गेममधली तयार गाणी उचलून स्वतःच्या नावावर टाकू नका, त्यांना मालक आहेत. चाल स्वतःची करा. आठ मात्रा, पाच स्वर, पाच वाजवणारे, एवढ्यावर सुरुवात करा. आणि आपल्या डब्याचा पोत हवा असेल तर चाल १५० ऐवजी १२५ वर ठेवा, पाव ड्यूटीच्या जागी निम्मी लावा.

मी दादाला दोन्ही ऐकवले, आधी जपानी हिशोबानं, मग आपल्या. दुसऱ्याला तो गप्प बसला. मग म्हणाला, “अरे, हाच की. माळ्यावरचा डबा आहे का अजून?”

आहे. ॲडॅप्टर तेवढा बघायचाय.

तुमच्या गावातली एक थाप, एक घंटा, एक टाळ, काहीही फोनवर रेकॉर्ड करा. एका सेकंदात बसवा आणि आम्हाला पाठवा. पुढच्या भागात ऐकू. तोवर राम राम!