झुरळांचा बंदोबस्त

मागच्या पावसाळ्यात माझ्या दप्तरातून वर्गात एक झुरळ बाहेर आले. सगळी मुले ओरडली. मग चार दिवस मला काही मुले 'झुरळीण' म्हणत होती. मी घरी जाऊन रडले. आई म्हणाली, "अगं, सगळ्यांच्याच घरात हायती. कोण सांगत नाय एवढंच." म्हणून मी हा लेख लिहिला आहे. ज्यांना हसायचे त्यांनी हसावे, पण आधी आपल्या घरच्या मांडणीखाली बघून यावे.

झुरळ हा कीटक आहे. त्याला सहा पाय आणि दोन लांब मिशा असतात. तो नाकाने श्वास घेत नाही. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोके असतात, त्यांतून हवा आत जाते. म्हणून डोके तुटले तरी झुरळ काही दिवस जिवंत राहते. हे बाईंनी सांगितले तेव्हा कोणाला खरेच वाटेना.

आमच्या घरात दोन जातींची झुरळे होती. एक मोठे, लालसर तपकिरी. ते मोरीत असते. दुसरे बारीक, बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्याच्या डोक्यामागे दोन काळ्या रेघा असतात. हे मांडणीत, डब्यांच्या मागे, गॅसच्या शेगडीखाली असते. बारीक जात जास्त त्रास देते, कारण ती भराभर वाढते. तिची मादी अंड्यांची थैली पोटाला चिकटवून फिरते आणि एका थैलीत तीस-चाळीस अंडी असतात! मोठ्या झुरळाची थैली चवळीच्या दाण्याएवढी असते. ती फटीत चिकटवलेली सापडते. ती दिसली की चिरडून टाकावी.

झुरळे रात्री फिरतात. दिवसा दिसली तर ती बहुतेक फार झाली आहेत असे समजावे. पण दिवसासुद्धा खुणा सापडतात. फडताळाच्या कोपऱ्यात चहाच्या भुकटीसारखे काळे कण पडतात, ती त्यांची विष्ठा. डबा उघडला की कुबट वास येतो. कधी कधी पांढरे झुरळ दिसते. आज्जी म्हणायची, ते देवाचे झुरळ, मारू नये. पण ते वेगळे नसते. झुरळ वाढताना कात टाकते, तेव्हा ते पांढरे दिसते आणि थोड्या तासांनी परत तपकिरी होते. आज्जीला सांगितले तर म्हणाली, "मंग मार."

झुरळ मोरीतून, संडासातून येते आणि त्याच पायांनी भाकरीवर फिरते. त्यामुळे जुलाब होतात. त्यांच्या विष्ठेची धूळ उडाली की दम्याच्या माणसाला त्रास होतो. आमच्या आज्जीला दमा आहे.

आता आमची चूक सांगते. एकदा पाहुणे आले असताना चहाच्या बशीवर झुरळ चढले. आईला फार लाज वाटली. बाबांनी रागाने पंपात उरलेले शेतावरचे औषध मांडणीखाली आणि मोरीपाशी मारले. झुरळे पटापटा मेली. पण रात्री माझा लहान भाऊ ओकायला लागला. तो तेव्हा रांगत होता. त्याला रात्रीच गाडीवरून दवाखान्यात नेले. डॉक्टर बाबांना खूप रागावले. शेतावरचे औषध घरात कधीच मारायचे नाही, ते भांड्यांना, जमिनीला लागून राहते, असे त्यांनी सांगितले. भाऊ दोन दिवसांनी बरा झाला. आमची तुऱ्याची कोंबडी मात्र मेली, तिने ती मेलेली झुरळे खाल्ली होती. बाबा आठ दिवस कोणाशी नीट बोलत नव्हते.

नंतर आम्ही दुसऱ्या रीतीने केले. आधी झुरळे कुठे जास्त आहेत ते शोधले. काचेच्या तीन बरण्या घेतल्या. आत भाकरीचा तुकडा टाकला आणि तोंडाला आतून तेल लावले. आत पडलेले झुरळ तेलावरून घसरते, वर येत नाही. सकाळी मांडणीखालच्या बरणीत नऊ झुरळे होती, मोरीजवळ दोन, धान्याच्या पोत्यांमागे एकही नाही. आम्हाला वाटले होते पोत्यांमागेच असतील!

मग आईने मांडणी उतरवली. खाली अंथरलेली जुनी वर्तमानपत्रे जाळली. फटी सिमेंटने बुजवल्या. रात्री खरकटी भांडी ठेवायची नाहीत, आणि मोरी कोरडी करून झोपायचे, असे ठरले. झुरळ खाण्यावाचून बरेच दिवस काढते, पण पाण्यावाचून तेवढे टिकत नाही. मोरीच्या भोकाला जाळी बसवली.

शेवटी गोळ्या केल्या. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर एक चमचा, कणीक एक चमचा, साखर एक चमचा, आणि मळायला थोडे दूध. हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून मांडणीच्या मागे, जिथे भावाचा हात जाणार नाही अशा जागी ठेवल्या. ही पावडरही पोटात जाऊ द्यायची नसते, म्हणून मळायची वाटी आईने वेगळी ठेवली आहे. ती स्वयंपाकाला घेत नाही. झुरळे लगेच मरत नाहीत, काही दिवस लागतात. अंडी तर गोळ्यांनी मरतच नाहीत, म्हणून महिन्याने नव्या गोळ्या ठेवाव्या लागतात. लवंगा आणि तमालपत्र ठेवून बघितले, पण झुरळे नुसती पलीकडच्या फडताळात गेली. साबणाचे पाणी अंगावर टाकले तर झुरळ मरते, पण ते आधी सापडायला हवे ना!

पाली मारायच्या नाहीत असे आता बाबांनी सांगितले आहे, कारण त्या झुरळे खातात. मला पालीची भीती वाटते, पण मी काही बोलले नाही.

पहिल्या रात्री मी बॅटरी लावून तेवीस झुरळे मोजली होती. परवा रात्री दोन होती, त्यातले एक पांढरे. ते आज्जीनेच मारले.

— इयत्ता चौथी