कोटेशनात नसलेला आकडा

आमच्या चिखली भागात यंत्र विकत घेणे ही एकट्यादुकट्याची बाब कधीच नसते. ट्रॅक्टर घ्यायचा म्हटले की आधी पाहुण्यारावळ्यांचे मत घेतले जाते. मग ज्याच्या दारात तो आधीपासून उभा आहे त्याच्या बांधावर जाऊन पहिला प्रश्न विचारला जातो, 'डिझेल किती पिते?' दुसरा प्रश्न पार्ट कुठे मिळतात हा, आणि तिसरा, विकायला काढला तर किती येतील हा. किंमत बहुधा चौथ्या क्रमांकावर येते. ऑइल इंजिन किर्लोस्करचे घ्यावे की राजकोटच्या फील्डमार्शलचे, ट्रॅक्टर महिंद्रा, स्वराज की मॅसी, यावर भावाभावांत अबोला धरलेला मी पाहिला आहे. बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर तीन कोटेशने जोडल्याशिवाय प्रकरण पुढे सरकत नसे. खरे सांगायचे तर ती तीन कोटेशने वाचण्यासाठी नसत, फाइलला लावण्यासाठी असत. निकाल आधीच बांधावर लागलेला असे.

जून २०२४ मध्ये शेजारच्या निवृत्त गुरुजींचा मुलगा अशीच तीन कोटेशने घेऊन माझ्याकडे आला. मुलगा इंजिनिअर आहे, पुण्यात चार वर्षे नोकरी करून गावी परतलेला. कोटेशने ट्रॅक्टरची नव्हती. बिटकॉइन 'खणून' काढणाऱ्या यंत्रांची होती. बिटमेन कंपनीचा अँटमायनर एस-२१, मायक्रोबीटीचा व्हॉट्समायनर एम-६०एस आणि कनान कंपनीचा अॅव्हलॉन ए-१४६६. तिन्ही कंपन्या चिनी मुळाच्या, आणि जगातली बहुतेक खनन यंत्रे याच तिघींची. त्याला अँटमायनर पसंत होता, दोन घ्यायचे होते. आयातीचा खर्च, कर, दलाली सगळे धरून एकाची किंमत सव्वातीन लाख. म्हणजे साडेसहा लाख, आणि तेवढ्याच रकमेची एक मुदत ठेव गुरुजींच्या नावे होती. ती त्यांनी आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी राखून ठेवली होती.

"काका, तुम्ही आयुष्यभर कोटेशनं पाहिली. तुम्हीच सांगा, कोणतं घ्यावं?"

गुरुजी बाजूला बसले होते. ते एवढेच म्हणाले, "साहेब, मले तं तिन्ही डबे सारखेच दिसतात."

डबे खरेच सारखे दिसतात. बुटांच्या दोन खोक्यांएवढा धातूचा डबा, पुढेमागे पंखे आणि आत शेकडो चिपा. या चिपांना दुसरे कोणतेही काम येत नाही. त्यावर पत्र टाइप होत नाही, सिनेमा दिसत नाही. जगभरच्या बिटकॉइन व्यवहारांची एकच रोजकीर्द आहे, आणि साधारण दर दहा मिनिटांनी तिचे एक नवे पान लिहिले जाते. ते पान लिहिण्याचा हक्क मिळवायचा तर एक कुलूप उघडावे लागते. किल्ली ओळखण्याची युक्ती नाही, आंधळेपणाने किल्ल्या लावत राहायचे. ज्याची लागली त्याने पान लिहायचे आणि बक्षीस घ्यायचे. एस-२१ सेकंदाला २०० टेराहॅश, म्हणजे २०० लाख कोटी किल्ल्या लावून पाहतो. एम-६०एस १८६ टेराहॅश, तर अॅव्हलॉन १५०.

आता डिझेलचा प्रश्न. येथे डिझेल म्हणजे वीज. एका टेराहॅशला किती ज्यूल लागतात, हे या यंत्राचे मायलेज. एस-२१ चे १७.५, एम-६०एस चे १८.५, या अॅव्हलॉनचे २१.५. आकडा जितका कमी तितके यंत्र चांगले. २०१६ साली याच बिटमेनने काढलेला आणि एकेकाळी जगभर गाजलेला एस-९ सुमारे ९८ ज्यूल खात असे. म्हणजे त्याच कामाला साडेपाच पट वीज. मुलाची निवड अगदीच चूक नव्हती. मायलेज त्याने पाहिले होते. आवाज ७५ डेसिबल, म्हणजे घरात चोवीस तास दळणाची गिरणी, हेही पाहिले होते. यंत्र जेवढी वीज खाते तेवढी सगळी उष्णता होऊन खोलीत येते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हे डबे थंड कसे ठेवायचे, याचे उत्तरही त्याने गोठ्याच्या भिंतीत मोठे पंखे बसवून शोधले होते.

पण जो आकडा निर्णायक आहे, तो तिन्ही कोटेशनांत नव्हता. तो कोटेशनात असूच शकत नाही.

मी त्याला बोअरचे उदाहरण दिले. चिखली तालुक्यात कोणाला समजावून सांगायला लागू नये असे ते उदाहरण आहे. गावात पहिल्या माणसाने बोअर घेतला तेव्हा दीडशे फुटांवर पाणी लागले. मग दहा झाले, मग शंभर. बोअर वाढले म्हणून जमिनीखालचे पाणी वाढले नाही. प्रत्येकाला आणखी खोल जावे लागले आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी आले. बिटकॉइनचे तंतोतंत असेच आहे, फक्त तेथे हे नियमातच लिहिलेले आहे. एका पानाला बक्षीस आरंभी, २००९ साली, ५० बिटकॉइन होते. २०१२ मध्ये ते २५ झाले, २०१६ मध्ये साडेबारा, २०२० मध्ये सव्वासहा आणि एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५. दिवसाला साधारण १४४ पाने. म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला ४५० बिटकॉइन. यंत्रे दहा असोत की दहा लाख, निघणार तेवढेच. यंत्रे वाढली आणि कुलपे लवकर उघडू लागली, तर दर २,०१६ पानांनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, कुलूप आपोआप अधिक अवघड केले जाते.

ट्रॅक्टरचे असे नसते. शेजारच्या गावात दहा ट्रॅक्टर आले तर भाड्याचा दर उतरेल, पण तुमचा ट्रॅक्टर तासात एकर नांगरत असेल तर एकरच नांगरील. हे यंत्र मात्र तुमच्या गोठ्यात धडधाकट चालू असताना, दुसऱ्या कोणी टेक्सासमध्ये हजार यंत्रे लावली म्हणून कमी नांगरू लागते. माझ्या टेबलावरून गेलेल्या कोणत्याही यंत्राला ही खोड नव्हती.

मग आम्ही कोटेशनाच्या पाठीवरच हिशेब मांडला. त्या महिन्यात जगाची एकूण ताकद सुमारे ६०० एक्साहॅश होती. एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश. तेव्हा जगात जणू एस-२१ ची ३० लाख यंत्रे चालू आहेत आणि त्यांतले एक तुझे. ४५० भागिले ३० लाख, म्हणजे दिवसाला ०.०००१५ बिटकॉइन. एकटे यंत्र लावून कुलूप उघडण्याची वाट पाहण्यात आयुष्य जाईल, म्हणून हजारोंनी मिळून 'पूल' करायचा आणि कामाच्या प्रमाणात वाटून घ्यायचे. पूल आपले कमिशन घेतो. व्यवहार शुल्काचे जे थोडे मिळते ते त्यात गेले असे धरू. बिटकॉइन तेव्हा ५४ लाखांच्या आसपास होता. म्हणजे दिवसाला ८१० रुपये.

आता खर्च. साडेतीन किलोवॅट गुणिले चोवीस तास, दिवसाला ८४ युनिटे. युनिटचा दर दहा रुपये धरला तर ८४० रुपये. महिन्याला अडीच हजार युनिटे ओढणाऱ्या घराला वरच्या टप्प्यात लागणारा दर याच्या पुष्कळ वर असतो, हे गुरुजींनी वीजबिल न पाहताच सांगितले. म्हणजे यंत्राची किंमत बाजूला ठेवली तरी रोजचे ३० रुपये गाठचे.

त्यात प्राप्तिकर राहिलाच. १ एप्रिल २०२२ पासून असल्या आभासी मालमत्तेच्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर आहे, उपकर वेगळा. वजावट फक्त मालमत्ता मिळवण्याच्या खर्चाची, आणि खननासाठी उभारलेली यंत्रणा हा तसा खर्च धरला जाणार नाही, असे सरकारने त्याच वर्षी मार्चमध्ये संसदेत सांगितले. यंत्राचा घसारा नाही, विजेच्या बिलाची वजावट नाही, आणि एका खात्यातला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. ८१० रुपयांचे नाणे विकले की २४३ रुपये कराचे. रोजचा तोटा २७३ झाला. किराणा दुकानदाराला विक्रीवर कर लावला आणि मालाची खरेदी मोजू नको म्हटले, तर तो दुसऱ्या दिवशी फळी लावील.

"आणि सोलर बसवलं तर?" हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि तो वेडगळ नव्हता. एक किलोवॅटच्या पॅनलमधून दिवसाला सरासरी चार युनिटे निघतात असे धरले तर ८४ युनिटांना २१ किलोवॅट हवेत. त्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या दोन-तीन पट. आणि सूर्य मावळला तरी यंत्राला भूक असतेच. एवढी वीज ज्याच्या छपरावर तयार होईल त्याने ती या डब्यात का घालावी, दाल मिलला का देऊ नये, याचे उत्तर आम्हा तिघांपैकी कोणाकडेच नव्हते. जेथे नदीची वीज स्वतःची आणि स्वस्त आहे तेथे गणित वेगळे. भूतानच्या सरकारी कंपनीने जलविद्युतेवर हे खनन चालवले आहे. आपल्याकडे नदी म्हणजे पैनगंगा, आणि तिची उन्हाळ्यातली अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे.

मग या धंद्यात कमावते कोण? बोअरच्या गाडीवाल्याला पाणी लागो न लागो, फुटाप्रमाणे पैसे मिळतात. बिटमेनने २०१८ साली हाँगकाँगच्या शेअर बाजारात उतरण्यासाठी कागदपत्रे दाखल केली, तेव्हा जगाला कळले की त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत कंपनीचे सुमारे ९४ टक्के उत्पन्न यंत्रांच्या विक्रीतून आले होते. स्वतः खणण्याचा वाटा अगदी थोडा. (तो शेअर पुढे आलाच नाही, अर्ज २०१९ मध्ये बारगळला.) गंमत अशी की त्यांचा प्रतिस्पर्धी त्यांच्याच अंगणातला. एस-९ च्या चिपेवर काम केलेले यांग झुओशिंग यांनी बाहेर पडून २०१६ मध्ये मायक्रोबीटी काढली आणि काही वर्षांत मूळ कंपनीच्या तोंडचे पाणी पळवले. पुढे बिटमेनच्या दोन संस्थापकांत कंपनीच्या ताब्यावरून जुंपली आणि २०२० मध्ये ग्राहकांची यंत्रे वेळेवर निघेनाशी झाली. ट्रॅक्टर पंधरा दिवस उशिरा आला तर एक पेरणी हुकते. येथे कुलूप दर पंधरवड्याला बदलते, तेव्हा उशीर म्हणजे यंत्र वाटेतच म्हातारे होणे.

याचा सर्वांत कडू अनुभव अमेरिकेने घेतला आहे. कॅन्सस राज्यातल्या बटरफ्लाय लॅब्ज या कंपनीने २०१२ पासून आगाऊ पैसे घेऊन यंत्रांची नोंदणी सुरू केली. सप्टेंबर २०१३ पर्यंत २० हजारांवर ग्राहकांना माल मिळालेला नव्हता, असे तेथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये खटला भरताना म्हटले. ज्यांना मिळाला त्यांच्या यंत्रांचे दिवस भरलेले होते. ग्राहकांच्या यंत्रांवर कंपनीने आधी स्वतःच खणून घेतले, असाही आरोप होता. २०१६ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले.

आपल्याकडे याच्याही पुढची पायरी गाठली गेली. यंत्र पाहायलाच नको, ते दूर कुठेतरी चालू आहे, तुम्ही फक्त बिटकॉइन द्या, अशी ती योजना. गेनबिटकॉइन तिचे नाव, अमित भारद्वाज तिचा म्होरक्या, आणि तिच्या तक्रारींनी पुण्यातली निगडी आणि दत्तवाडी पोलीस ठाणी गाजली. एक बिटकॉइन द्या, अठरा महिने दरमहा दहा टक्के घ्या, असे आश्वासन होते. नंतर बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे घरचेच नाणे लोकांच्या हातावर ठेवण्यात आले. भारद्वाजला एप्रिल २०१८ मध्ये अटक झाली, जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरची प्रकरणे सीबीआयकडे सोपवली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये साठाहून अधिक ठिकाणी छापे पडले. तपास यंत्रणांनी सांगितलेला आकडा ६,६०० कोटींचा आहे. त्यात निवृत्तीचे पैसे घातलेले लोक होते.

यात फसलेल्यांना लोभी म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. दहा टक्के व्याजाचे नुसते आमिष असते तर त्यांतल्या पुष्कळांनी पाठ फिरवली असती. पण येथे 'यंत्र' होते. यंत्र चालते, यंत्र उत्पन्न देते, हे आपल्या हाडात मुरलेले आहे. पिठाची गिरणी, विहिरीवरचे इंजिन, रसवंतीचा चरक, सगळ्यांनी संसार चालवले. पण दर पंधरवड्याला ज्याचा वाटा बदलतो, आणि यंत्रे वाढत गेली की घटतच जातो, त्या यंत्रातून अठरा महिने एकसारखे दहा टक्के कसे निघतील? बोअरवाल्याने दीड वर्ष रोज इतकेच लिटर पाणी देण्याची हमी दिली, तर तो टँकर आणून ओतत असला पाहिजे. आणि टँकर कोणाच्या तरी विहिरीतूनच भरला जातो.

आमच्या कोटेशनांपुरते सांगायचे तर गुरुजींनी ठेव मोडली नाही. ती त्याच डिसेंबरात मोडली, अकोल्याच्या दवाखान्यात भरण्यासाठी, आणि बाई आता काठीशिवाय रेणुकामातेच्या देवळापर्यंत जाऊन येतात. मुलगा काही दिवस माझ्याशी जरा तुटक वागला. ते साहजिक होते. कर्ज नाकारलेला माणूस बँकेच्या दारावरून जाताना मान वळवतोच.

सप्टेंबर २०२५ मध्ये बिटकॉइन कोटीच्या घरात गेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मात्र तो जुना कागद घेऊन आला. चेहऱ्यावर 'बघा, म्हणत होतो ना' असे काही होते. पण हिशेब त्याने आधीच करून आणला होता, आणि तो प्रामाणिक होता. जगाची ताकद तोवर ६०० वरून १,००० एक्साहॅशवर गेलेली. ३० लाख यंत्रांच्या जागी ५० लाख. वाटा ०.००००९. कोटीच्या भावाने दिवसाला ९०० रुपये. वीज ८४०, कर २७०. नाण्याचा भाव जवळजवळ दुप्पट होऊन रोजचा तोटा २७३ वरून २१० वर आला होता.

"आणि काका, एस-२१ आता जुना झाला," तो म्हणाला. "नवीन मॉडेल आलंय."